डुकरं राखणारा युमायस आणि मेंढरं राखणारा खंडोबा

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' बरेचसे काढलेत. सगळे निघत नाहीत.)

आजचा विषय आहे स्वामिनिष्ठ नोकर. ग्रीक महाकाव्यातला, म्हणजे होमरच्या 'ओडिसी'तला. पण मी जेजुरीपासून सुरुवात करणार आहे. तिथली गोष्ट तुम्हाला निदान अर्धी तरी माहीत असते, आणि ती डोक्यात असली की होमर फार परका वाटत नाही.

आमचं वरकुटे इंदापूर तालुक्यात. आमच्याकडे आणि शेजारच्या बारामतीत, ज्यांचं कुलदैवत खंडोबा आहे त्यांच्या घरी लग्न झालं की जागरण घालतात. वाघ्या-मुरळी येतात, दिमडी आणि तुणतुणं वाजायला लागतं, आणि रात्र चढली की बानूची कथा येते. बहुतेक पोरं तोवर मोबाईल छातीवर ठेवून झोपलेली असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. तपशील वाघ्यागणिक बदलतात, सांगाडा असा.

खंडोबाची पहिली बायको म्हाळसा. दोघं सारीपाट खेळतात, देव हरतो, आणि पैजेप्रमाणे त्याला बारा वर्षं घर सोडावं लागतं. बानूवर त्याचा जीव आधीच जडलेला आहे. ती धनगराची लेक, चंदनपुरीची. हे गाव नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ आहे. देव म्हाताऱ्या धनगराचं रूप घेतो, बानूच्या वाड्यावर जातो आणि काम मागतो. (शहरातल्यांसाठी: धनगराचा वाडा म्हणजे चौसोपी वाडा नव्हे. मेंढरांचा तळ. भोवती जाळी लावलेली असते, तिला वाघर म्हणतात.) मेंढरं राखायचं काम मिळतं. एके दिवशी मेंढरं धुवायला नदीवर न्यायची असतात. हा गडी तिथे मेंढरं मारूनच टाकतो. बानू रडत येते, तेव्हा हा म्हणतो, सगळी जिवंत करून देतो, पण माझ्याशी लग्न कर. भंडारा उधळला जातो, मेंढरं उठतात, लग्न लागतं.

गडी म्हणून बघितलं तर याच्याइतका वाईट गडी शोधून सापडणार नाही. मालकिणीचं सगळं भांडवल मारलं आणि वर अट घातली. आमच्याकडे अशा माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभं केलं नसतं. पण वाघ्या हे रंगवून सांगतो आणि जागे असलेले लोक हसतात. का हसतात ते पुढे बघू. सध्या एवढं लक्षात ठेवा: मोठा धनी वेश बदलून जनावरं राखणाऱ्याच्या दारात येतो, आणि आधी त्याच्या हातचं खातो.

आता साधारण २७०० वर्षं मागे.

ओडिसियस हा इथाका बेटाचा राजा. ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षं गेली, परतीच्या वाटेवर आणखी दहा. घरी बायको पेनेलपी, मुलगा टेलेमॅकस, आणि पेनेलपीशी लग्न करायला टपून बसलेले १०८ जण, जे रोज याच्याच कळपातली जनावरं कापून खातायत. राजा बेटावर उतरतो तेव्हा अथीना देवी त्याला म्हाताऱ्या भिकाऱ्याचं रूप देते. मग तो बायकोकडे जात नाही, मुलाकडेही जात नाही. डुकरं राखणाऱ्या गड्याच्या खोपीत जातो. हा गडी म्हणजे युमायस.

होमर इथे रेंगाळतो, आणि मला हे रेंगाळणं फार आवडतं. बारा आवारं, प्रत्येकात पन्नास माद्या. नर बाहेर, ३६०. नर कमी, कारण वाड्यावर खायला तेच जातात. चार कुत्री. आणि भोवती दगडाचं कुंपण, वर काटेरी फांद्या खोवलेल्या, आपल्याकडे बोराटी लावतात तशा. हे कुंपण युमायसने स्वतः बांधलंय, मालकिणीला न विचारता. वीस वर्षं मालक गायब, मागे हिशोब विचारणारं कुणी नाही, आणि हा माणूस दगड वाहतोय.

भिकारी येतो तशी कुत्री अंगावर धावतात. युमायस वहाणांसाठी कातडं कापत बसलेला असतो, ते टाकून पळत येतो, कुत्र्यांना हाकलतो आणि म्हाताऱ्याला आत नेतो. दोन कोवळी पिल्लं भाजून वाढतो आणि सांगून टाकतो की गड्यांच्या वाट्याला हीच येतात, धष्टपुष्ट डुकरं ती मंडळी खातात. रात्री पाऊस असतो. पाहुण्याला शेकोटीजवळ झोपवून, स्वतःचा जाड अंगरखा पांघरायला देऊन, युमायस हत्यार घेऊन बाहेर जातो आणि डुकरांशेजारी खडकाच्या आडोशाला झोपतो.

हे बघून ओडिसियसला आनंद होतो. कशाचा, ते होमर स्पष्ट सांगतो: मी नसतानाही हा माझ्या मालमत्तेची इतकी काळजी घेतोय, याचा. माणूस भिजायला बाहेर गेलाय आणि मालकाच्या मनात डुकरं आहेत. होमर यावर टीका करत नाही, फक्त सांगतो आणि पुढे जातो.

आपल्याकडे निष्ठेसाठी शब्द आहे, 'खाल्ल्या मिठाला जागणे'. मीठ मालकाचं, जागायचं नोकराने. पण त्या खोपीत मीठ कुणी कुणाचं खाल्लं? डुकरं वाढवली युमायसने, शिजवली त्याने, वाढली त्याने. खाणारा राजा. कागदावर ती डुकरं राजाची, मान्य. पण वीस वर्षांत राजाने त्यांच्यासाठी एक मूठ दाणा टाकलेला नाही.

शिवाय राजा खोटं बोलतोय. मी क्रीटचा, असं झालं, तसं झालं, लांबलचक बनावट कहाणी. त्यात एकच गोष्ट खरी घुसडतो: ओडिसियस जिवंत आहे, लवकरच येणार. गंमत अशी की युमायस बाकी सगळ्यावर विश्वास ठेवतो आणि नेमकी हीच गोष्ट मानत नाही. म्हणतो, असे पुष्कळ आले, एका अंगरख्यासाठी मालकिणीला हेच सांगून गेले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ओडिसियस प्रॉडक्शनवर टेस्टिंग करतोय, आणि समोरच्याला माहीतही नाही की टेस्ट चालू आहे.

आता एक तांत्रिक गोष्ट. सबंध 'ओडिसी'त, म्हणजे सुमारे बारा हजार ओळींत, कवी एकाच पात्राला थेट 'तू' म्हणतो, आणि ते पात्र युमायस. 'युमायस म्हणाला' असं न म्हणता 'युमायसा, तू म्हणालास' असं. अभ्यासक कारणांवर भांडतात. वृत्तात नाव बसवायची सोय, असं काही म्हणतात. ते असेलही. पण वाचताना कवी त्या गड्याकडे वळून बोलतोय असं वाटतं, आणि राजाशी तो असं कधीच बोलत नाही. शिवाय युमायसला तो 'दिव्य' म्हणतो, 'माणसांचा नायक' म्हणतो. ही बिरुदं एरवी योद्ध्यांची.

पंधराव्या सर्गात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग येतो. रात्र मोठी आहे, झोप येत नाही, आणि भिकारी झालेला राजा गड्याला विचारतो: तू इथे कसा आलास? लढाईत पकडला गेलास, की गुरं राखताना चोरांनी उचललं?

युमायस सांगतो. तो एका राजाचा मुलगा आहे. सिरिए नावाच्या बेटावर दोन गावं, दोन्हींवर बापाचं राज्य. घरात एक फिनिशियन दासी होती, जिला चाच्यांनी शेतातून येताना पळवून विकलं होतं. फिनिशियन व्यापाऱ्यांचं जहाज आलं तेव्हा तिने परत घरी जायच्या बदल्यात त्यांना सोनं देऊ केलं आणि मालकाचं पोरही. ते पोर म्हणजे युमायस. तिचा हात धरून तो आपल्या पायांनी जहाजापर्यंत चालत गेला. सातव्या दिवशी ती दासी जहाजावरच मेली, तिला समुद्रात टाकलं. पोर इथाकाला ओडिसियसच्या बापाने, लेअर्टीसने, विकत घेतलं.

बघा, इथे काय झालं. पळवून आणलेल्या बाईने पळून जाण्यासाठी दुसऱ्या पोराला पळवलं. आणि हा पोरगा मोठा होऊन, हातात चार पैसे आल्यावर, स्वतःसाठी एक गुलाम विकत घेतो. मेसॉलियस नावाचा. चौदाव्या सर्गात तो भाकरी वाढायला येतो आणि होमर जाता जाता सांगतो की याला युमायसने स्वतःच्या कमाईतून घेतलंय. गुलामाचा गुलाम. मेसॉलियस स्वामिनिष्ठ होता का, हे कुणी विचारत नाही. त्याला दोन-चार ओळीच मिळतात.

म्हणून युमायस म्हणजे गोड स्वभावाचा म्हातारा नोकर, असं जे शाळकरी चित्र आहे ते मला पटत नाही. त्याला पक्कं माहीत आहे काय झालंय ते. सतराव्या सर्गात दारातल्या उकिरड्यावर पडलेलं ओडिसियसचं जुनं कुत्रं, आर्गोस, धन्याला ओळखतं, शेपूट हलवतं आणि मरतं. सगळे त्या कुत्र्यासाठी रडतात. पण त्याआधी युमायस काय बोलतो ते ऐकत नाहीत. तो म्हणतो की मालकाचा धाक नसला की गुलाम नीट काम करत नाहीत, कारण ज्या दिवशी माणूस गुलाम होतो त्या दिवशी देव त्याचा अर्धा गुण काढून घेतो. स्वतः गुलाम असलेला, मालकाचा धाक नसताना कुंपण बांधणारा माणूस हे बोलतोय. ही तक्रार आहे की मालकाचीच भाषा त्याच्या तोंडात बसलीये, हे मला अनेकदा वाचूनही ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

घराच्या आतली बाजू याहून कडक आहे. युरिक्लिया ही ओडिसियसची दाई. लेअर्टीसने तिला वीस बैलांच्या किमतीला घेतलं होतं, हा आकडा पहिल्याच सर्गात येतो. एकोणिसाव्या सर्गात ती भिकाऱ्याचे पाय धुते आणि मांडीजवळचा जुना व्रण हाताला लागताच ओळखते की हा आपण वाढवलेला पोर. त्या क्षणी ओडिसियस काय करतो? तिचा गळा धरतो. बोललीस तर बाकीच्या दासींबरोबर तुलाही सोडणार नाही, म्हणतो. जिने वाढवलं तिला. निष्ठावंत असणं पुरत नाही, प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं.

आणि जे सिद्ध करू शकले नाहीत त्यांचं काय? सगळे टपलेले लोक मारल्यावर ओडिसियस युरिक्लियालाच यादी विचारतो. ती सांगते, घरात पन्नास दासी, त्यातल्या बारा त्या लोकांच्या झाल्या. त्या बाराजणींकडून आधी प्रेतं उचलून घेतात, रक्ताने माखलेल्या खुर्च्या धुऊन घेतात, आणि मग टेलेमॅकस त्यांना एका दोरावर फाशी देतो. घरात १०८ पुरुष घुसलेले असताना त्या बायकांना 'नाही' म्हणायची किती सोय होती, हा प्रश्न ते महाकाव्य विचारत नाही. त्यांना कुणी अंधारात बसून 'तू इथे कशी आलीस' असंही विचारलेलं नाही. चांगला नोकर दाखवायचा तर शेजारी वाईट नोकर उभा करावा लागतो. युमायसच्या बाजूला मेलँथियस आहे, शेळ्या राखणारा, जो उलट्या बाजूला गेला. त्याचे हाल इथे सांगत नाही, कानात इअरफोन घालून जेवणारे लोक आहेत.

इथे शब्दाचा घोळ आहे. इंग्रजीत वर्षानुवर्षं या लोकांना 'सर्व्हंट', 'मेड' असं म्हटलं गेलं. एमिली विल्सन यांचं भाषांतर २०१७ मध्ये आलं, त्यात त्यांनी सरळ 'स्लेव्ह' म्हटलं आणि बऱ्याच लोकांना ते टोचलं. मराठीतही आपण 'सेवक' म्हटलं की प्रकरण मऊ होतं. आपल्याकडे गडी, चाकर, नोकर, दास, गुलाम असे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. सालगडी हा गुलाम नव्हे. त्याचं साल पाडव्याला ठरतं, पाडव्याला संपतं, आणि कागदोपत्री तरी तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पण मध्ये उचल असते. आधी घेतलेले पैसे फिटले नाहीत तर साल संपूनही संपत नाही. कर्ज फेडून घेण्यासाठी माणूस बांधून ठेवणं कायद्याने बंद झालं ते १९७६ साली. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या हयातीत. तेव्हा शेतकऱ्याच्या ओसरीवर 'फार इमानी गडी होता हो' असं ऐकलं की मला आधी उचलीचा आकडा विचारावासा वाटतो.

आपल्या इतिहासातही निष्ठेची मोठी नावं आहेत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीत सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्याची. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा त्यांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद. दोघंही नाभिक समाजातले, असं परंपरा सांगते. काशीदने जे केलं ते युमायसपेक्षा कितीतरी कठीण. ओडिसियस गरिबाचा वेश घेऊन स्वतःला वाचवतो. काशीद राजाचा वेश घेऊन मरायला जातो. तरीही या दोघांबद्दल जनमानसात जे उरलंय ते एका क्षणाचं आहे. एक वार, एक पालखी. त्यांचं बालपण, घर, बायकापोरं, आदल्या रात्री मनात काय होतं, यावर गोष्ट थांबत नाही. होमर युमायससाठी जवळजवळ दोन सर्ग थांबलाय, हे त्यामुळे मला जास्त जाणवतं.

आता बानूकडे परत. लोक का हसतात?

कुठलीही तोंडी कथा कुणासमोर सांगितली जाते यावर बरंच ठरतं. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांची महाकाव्यं ध्वनिमुद्रित केली आणि दाखवलं की होमरची भाषा अशाच तोंडी रचणाऱ्यांची आहे. ठरलेले तुकडे, ठरलेली बिरुदं, दर वेळी नवी जुळणी. आपला वाघ्या तेच करतो. पण 'ओडिसी'त जेव्हा गायक गातो, तेव्हा तो बहुतेकदा राजवाड्यात, मेजवानीत गातो. समोर मालक लोक बसलेले. वाघ्या गातो ते घरापुढच्या मांडवात. समोर बसलेले लोक स्वतः मेंढरं राखणारे, दुसऱ्याच्या रानात राबणारे, किंवा त्यांची लेकरं. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रात फिरून धनगरांच्या ओव्या गोळा केल्या. त्या जगात देव रानातून फिरतो, मेंढरांमागे चालतो, वारुळात राहतो. तिथे देवाला नोकरीला ठेवण्यात कुणाला अपमान वाटत नाही.

म्हणून तिथे परीक्षा गड्याची होत नाही. देवाला काम करावं लागतं, मेंढरामागे पाय झिजवावे लागतात, बानूच्या हातचं खावं लागतं, आणि तो ते काम धड करू शकत नाही. याला हसतात. आणि देव खोपीतून उठून पुन्हा मोठा धनी होतो, पण एकटा जात नाही. बानूला जेजुरीला घेऊन जातो. तिथे म्हाळसा तिला घरात घेत नाही, भांडण होतं, आणि त्या दोघींच्या भांडणाची गाणी तर बानूच्या कथेपेक्षा जास्त चालतात. गड चढताना अर्ध्या वाटेवर बानूचं देऊळ लागतं, वर देवाशेजारी म्हाळसा. धनगराच्या लेकीला जागा मिळाली, पण पायऱ्यांवर. त्याच वाटेवर हेगडी प्रधानाचंही देऊळ आहे. हेगडी हा खंडोबाचा प्रधान, आणि काही कथांत बानूचा भाऊ. बहुतेक लोक तिथे भंडारा टाकतात आणि धापा टाकत पुढे जातात.

युमायसला काय मिळालं? एकविसाव्या सर्गात, लढाईच्या तोंडावर, ओडिसियस त्याला आणि गुरं राखणाऱ्या फिलोइटियसला व्रण दाखवून ओळख देतो आणि शब्द देतो: जिंकलो तर दोघांना बायको देईन, मालमत्ता देईन, माझ्या घराशेजारी घर बांधून देईन, आणि तुम्ही टेलेमॅकसचे सोबती आणि भाऊ ठराल. दोघं रडतात, मालकाला मिठी मारतात, मग हत्यारं घेऊन लढतात. लढाई जिंकली जाते. त्यानंतर अजून दोन सर्ग आहेत. पेनेलपीची भेट होते, बापाची भेट होते, गावाशी तह होतो. युमायस चोविसाव्या सर्गात शेवटचा दिसतो तेव्हा लेअर्टीसच्या मळ्यावर जेवणासाठी मांस कापतोय. घर बांधून दिल्याचं, बायको मिळाल्याचं कुठेच येत नाही.

'ओडिसी' पहिल्यांदा वाचणार असाल तर पहिल्या पानापासून सुरुवात केलीच पाहिजे असं काही नाही. चौदावा आणि पंधरावा सर्ग आधी वाचा, तासाभरात होतील. आणि पुढच्या लग्नसराईत कुणाकडे जागरण असलं तर बानूची कथा येईपर्यंत जागे राहा. वाघ्या मेंढरं कशी मारतो, नदीवर की रानात, आणि बानू त्याला काय शिव्या घालते, ते मला कळवा. दर गावात वेगळं ऐकायला मिळतं.